रिकाम्या पिंपांची बोट

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा मनातल्या मनात टाळलं. आता सत्तरी उलटली. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

माझे बाबा लढाईत होते. खरंच होते. विदर्भातलं घर सोडून मुंबईला पळाले आणि एका मोठ्या प्रवासी बोटीवर भांडी घासायला लागले. महायुद्धात ती बोट नौदलाने ताब्यात घेतली. गालिचे, आरसे, पियानो उतरवले, वर तोफा बसवल्या, आणि खाली सामानाच्या जागेत रिकामी, बंद पिंपं ठासून भरली — गोळा लागून पाणी शिरलं तरी बोट तरंगत राहावी म्हणून. बाबा तिच्यावरच राहिले, तोफांपर्यंत गोळे वाहून नेत. लढाईनंतर ते रेल्वेत लागले; हे ते फक्त मला सांगायचे, रायपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर. आई नव्हती, माझी वेणी तेच घालायचे.

आणि त्याच बाबांनी मला फसवलं. मॅट्रिक झाले की नागपूरला नर्सिंगला पाठवीन, हा त्यांचा शब्द होता, आईच्या फोटोसमोर दिलेला. शेवटचा पेपर देऊन घरी आले तर बैठक उरकलेली — अभनपूरच्या धान्य व्यापाऱ्याचा मुलगा, सुपारी फुटलेली. मला विचारलंसुद्धा नाही! "काहून?" एवढंच मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. संसार तसा बरा झाला. पण तो राग? लोणचंसुद्धा कोणी एवढी वर्षं मुरवत नाही.

मग एकदा मराठी मंडळात वयस्कांचा सत्कार होता. बाबांनी पहिल्यांदाच चारचौघांत बोटीची गोष्ट काढली. पियानोवाली बोट लढाईला गेली, तीही रिकामी पिंपं घेऊन — हॉल हसायला लागला. आजोबांनी चांगली फेकली, असं मागून कोणी म्हणालंही. बाबा गोंधळले. खुर्च्यांमध्ये मला शोधलं आणि म्हणाले, "हिले माहीत आहे सारं. सांग पोरी."

मान हलवून नुसतं "हव" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणाले, "कुठली बोट? मुंबईला हॉटेलात भांडी घासत होते ते."

का म्हणाले? — आपलं माणूस शब्द फिरवतं तेव्हा कसं वाटतं, ते त्यांनाही एकदा कळावं म्हणून. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

बाबा चिडले नाहीत. माईकवर म्हणाले, "पोरगी बरोबर सांगून राहिली. मलेच आता आठवत नाही." आणि शाल सावरत खाली बसले.

पुढे मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले. मी खोटी पडू नये म्हणून — दुसरं काय असणार? माझ्या मुलीने विचारलं तर तिलाही म्हणाले, बोट मी फक्त बंदरावरून पाह्यली, बेटा.

परवा तीच मुलगी तिच्या लेकीला सांगत होती, तुझे पणजोबा मुंबईत हॉटेलात होते. मी शेजारी मटार सोलत होते. म्हटलं, हो, भांडी घासायचे.