माकडाने किल्ला खाल्ला

आमच्या अक्काइतकं देखणं चुकणारं माणूस मी पाहिलं नाही. बाकीचे लोक चुकले की ओशाळतात, सारवासारव करतात. अक्का चुकायची आणि थांबायची. बोट त्या शब्दावर, नजर बाल्कनीबाहेर, चेहरा भोळा. समोरचं माणूस तिला सुधारेपर्यंत ती पुढे सरकत नसे. मी जन्मभर पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका शोधण्यावर माझं घर चाललं. अशा माणसाच्या थोरल्या बहिणीला ही खोड असावी, याची तिला भारी गंमत वाटायची.

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत लोक मला अजूनही ‘शलाकाला वाचायला शिकवणारे आजोबा’ म्हणून ओळखतात. एका गणपतीत त्याबद्दल मला शाल-नारळ दिला. अक्का पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी शाल घेतली आणि काही बोललो नाही. ते आज बोलतो.

माझा मुलगा समीर आणि सून नेहा नोकरीसाठी इकडे आले, तेव्हा नात शलाका पहिलीत जायची होती. दोघांची ऑफिसं गुरुग्रामला. सकाळी कॅबने गेलेली माणसं दिवेलागणीनंतर परतायची. पोरीचा अभ्यास माझ्याकडे आला. पुण्यात असतानाच मी तिला तिचं नाव लिहायला शिकवलं होतं, आपल्या मराठी वळणाचं: देठाचा श, दोन पाकळ्यांचा ल. इथल्या शाळेत दोन्ही अक्षरांचं वळण हिंदी. पहिल्याच श्रुतलेखनानंतर नावाच्या तीन अक्षरांपैकी दोन लाल गोलात अडकून घरी आली. वर्गातली मुलं हसली होती.

“आजोबा, माझं नावच चूक आहे?” तिने विचारलं.

यावर तिला जवळ घ्यायचं सोडून मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि वर्गाच्या दारात उभा राहून बाईंशी भांडलो. माझं म्हणणं खरं होतं, पण आपल्यामुळे भांडण झालं एवढंच सहा वर्षांच्या मुलीला कळलं. पुढे मी जास्तच कडक झालो, कुणाला तिच्यावर बोट ठेवायला जागा नको म्हणून. ती वाचताना अडखळली की माझ्या तोंडून ‘चूक!’ सुटायचं. दिवाळीपर्यंत शलाका शाळेत बोलेनाशी झाली. घरीही पुस्तक उघडलं की ओठ आवळून बसायची. मग बाईंनी समीर-नेहाला बोलावलं. “बच्ची मुँह ही नहीं खोलती,” त्या म्हणाल्या. थंडीची सुट्टी संपली की तोंडी वाचन घेऊ, तेव्हाही वाचलं नाही तर पुन्हा केजीत बसवावं लागेल.

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. नेहाने परस्पर नाशिकला फोन लावला आणि अक्काला बोलावून घेतलं.

अक्काने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. लग्न केलं नाही. “जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, स्वतःचा तेवढा राहून गेला,” असं स्वतःच म्हणून हसायची. हिंदी अजिबात येत नसे, आणि त्याची लाज तर त्याहून नसे. आल्या आल्या ती शलाकाला घेऊन खाली भाजीच्या गाडीवर गेली. “भैया, ये भेंडी कोवळी है ना? जून मत देना, मेरे दाताकू लगता है.” भाजीवाला “जून में क्या, माताजी?” म्हणत राहिला, आजूबाजूच्या बायका हसल्या. शलाका तिचा पदर ओढत कुजबुजली, “अक्काआजी, चलो ना, सगळे हसतायत.”

“हसू देत की. भेंडी बरोबर आली ना?”

शलाका पिशवीत डोकावून बघत राहिली.

अभ्यासाची जागा अक्काने बाल्कनीत हलवली. आमच्या घरावरून विमानं इतकी खाली जातात की बोलणं थांबवावं लागतं. अक्काला ते सोयीचं झालं. शाळेचं हिंदी पुस्तक ती स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि स्वतःच वाचायची. शलाकाने वाचायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. एका दुपारी मी आतून ऐकलं.

“बंदर... किल्ला... खा रहा है.”

अक्का थांबली. विमान गेलं. ती थांबलेलीच.

“किल्ला नाही,” अगदी बारीक आवाज आला.

“मग? इथे तर किल्लाच दिसतोय बाई मला.”

“अगं, केला! बंदर केला खा रहा है! किल्ला कसा खाईल?”

“का नाही खाणार? दिल्लीचं माकड आहे ते.”

शलाका खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी ऐकलेलं ते हसू. आणि मी काय केलं? चष्मा लावून बाल्कनीत गेलो नि म्हणालो, “अक्का, तुझं चूक आहे. ‘क’ला एकच मात्रा आहे. नीट बघून वाचत जा, पोरीला चुकीच्या सवयी लागतील.”

शलाकाने पुस्तक मिटलं. ओठ पुन्हा आवळले गेले.

“अप्पा,” अक्का म्हणाली, “तू आत जा. हा तुझा छापखाना नाही.”

ती मुद्दाम चुकते आहे, हे मला तेव्हा कळलं नाही असं आजवर मी सगळ्यांना सांगत आलो. अर्धवट कळलं होतं. पण मला जे जमलं नाही ते ही पोरखेळ करून जमवते, हे सहन होत नव्हतं. समीर ऑफिसातून आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. “आत्याचं वय झालंय. साधे शब्द वाचता येत नाहीत तिला. विसरते. एकदा डॉक्टरांना दाखव.” समीर घाबरला आणि शनिवारी तिला घेऊन गेला.

परत आल्यावर तिने चपला काढायच्या आधीच मला गाठलं. “डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, पेशंट मी आहे की तुम्ही? सगळं ठीक आहे म्हणाले.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मला वेडी ठरव, अप्पा. मी सोसेन. तिला मठ्ठ ठरवू नकोस.”

त्यानंतर बाल्कनीत जायची माझी हिंमत झाली नाही. मी दाराआडून ऐकायचो. नावाचा घोळ तिने असा सोडवला: “घरात सपाता घालतेस ना? आणि शाळेत बूट? तसंच हे. घरी पाकळीवाला ल, शाळेत दांडीवाला. दोन्ही तुझेच.”

वाचनाच्या दिवशी नेहाने रजा घेतली. अक्का “मी पण येते” म्हणून अडून बसली. पुढचं मला नेहाने सांगितलं. बाईंनी पुस्तक पुढे केलं. शलाका खाली बघत उभी. बाई दोनदा “पढ़ो बेटा” म्हणाल्या. तेव्हा अक्काने पुस्तक ओढून घेतलं आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं वाचलं, “नानी ने घोडी पहनी.” आणि थांबली. बोट शब्दावर, नजर खिडकीबाहेर. बाई गोंधळल्या. नेहाने डोळे मिटून घेतले.

“घोडी नहीं, साड़ी!” शलाका ओरडली. “तू फिर से चुकलीस! दे इकडे, मी वाचते.” आणि तिने पान संपवलं.

शलाका पहिलीतच राहिली. अक्काही राहिली, आमच्याकडेच. आता चुकण्याचा खेळ घरभर झाला. ती मंगळवारी “आज गुरुवार ना?” म्हणायची, शलाका टाळी मारून “चूक!” म्हणायची. माझा शब्द त्या दोघींनी घेतला होता आणि त्यांच्या तोंडी तो गोड लागायचा. मीही हळूहळू खेळात शिरलो. अक्काने आमटीत साखर दोनदा घातली, मी डोळा मारला. नेहाला तिने आमच्या आईच्या नावाने हाक मारली, मी म्हणालो, “अक्का, पुरे आता नाटक.” जाणकार झालो होतो ना मी.

शलाका तेव्हा दुसरीत होती. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आजोबा, अक्काआजीच्या चुका खऱ्या आहेत.”

“अगं, गंमत करते ती.”

“नाही. ती थांबत नाहीये.”

मी तिला “जा, खेळ” म्हटलं. खोट्या चुकांसाठी मी अक्काला डॉक्टरकडे पाठवलं होतं. खऱ्या चुका सुरू झाल्या तेव्हा हसत बसलो. पुन्हा तोंडघशी पडायची भीती होती, हेही खरं. पुढे ती लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरली आणि परक्यांच्या दाराला आपली किल्ली लावत रडताना वॉचमनला सापडली, तेव्हा समीर तिला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला. आधी आणायला हवं होतं, असं ते म्हणाले. समीरने घरी येऊन माझ्याकडे पाहिलं.

आता अक्का बाल्कनीतल्या खुर्चीत बसून असते. मी तिला अप्पा वाटतोच असं नाही. शलाका पाचवीत गेली. शाळेतून आली की पहिलीचं ते फाटकं पुस्तक काढते, अक्काच्या मांडीवर ठेवते आणि मोठ्याने वाचते, “बंदर किल्ला खा रहा है.” मग बोट शब्दावर ठेवून ती बाहेर बघत बसते. विमान येतं, जातं. कधीकधी अक्काचे ओठ हलतात. बहुतेकदा हलत नाहीत. तरी पोर थांबते.

मी दारात उभा असतो. बरोबर शब्द माझ्या जिभेवर आलेला असतो. तो गिळून मीही थांबतो.