संशोधनाची खोली

गोंदियात तेव्हा मी आयकराची कामं करायचो. माझं ऑफिस म्हणजे कापड दुकानावरची एक खोली, पण जिना चढून आलेला प्रत्येक जण मला वकीलसाहेब म्हणायचा. दोन हजार सालानंतर कधीतरी व्यापाऱ्यांच्या कानावर आलं, की संशोधन करणाऱ्या धंद्याला करात सवलत मिळते. झालं, अख्खं शहर शास्त्रज्ञ झालं. एका बिडीवाल्याने बंडलावरच्या वाघाचं तोंड डावीकडून उजवीकडे फिरवलं, ते संशोधन. एकाने नागपूरहून तयार मशीन उचलून आणलं, तेही संशोधन. तिसरा तर सरकार पैसे रोख देतं की चेकने, एवढंच विचारायला आला होता. मी म्हटलं, बाबा रे, सरकार काही देत नाही. नवं काही शोधायला खरोखर जो खर्च केला, तो उत्पन्नातून त्याच वर्षी वजा होतो. तो चहा न पिताच उठला.

या सगळ्यांत खरा संशोधक एकच होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

कुडव्याकडे त्याची राइस मिल होती. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. धान भिजवून, वाफवून, वाळवून भरडलं की उसना तांदूळ होतो, आणि त्याला एक आंबूस वास येतो. तो वास घालवायचं भूत भाऊच्या मानगुटीवर बसलं होतं. त्यासाठी त्याने वेगळ्या टाक्या आणि छोटा बॉयलर घेतला होता. दोन हंगाम तो बनियनवर त्या टाक्यांपाशी उभा. कधी पाणी गरम, कधी गार, कधी मध्येच बदललेलं. वास कमी झाला की दाणा तुटायचा, दाणा टिकला की पिवळा पडायचा. फसलेल्या प्रत्येक खेपेचं एकेक पोतं मागच्या शेडमध्ये जाऊन पडायचं.

मिल बाबूजींच्या नावावर, म्हणजे भाऊच्या वडिलांच्या. त्यांनी निक्षून सांगितलं, "या साली सूट भेटली त आखीन एक हंगाम कर. नाही त टाक्या भंगारात."

मी टाक्यांचा आणि बॉयलरचा खर्च संशोधनात दाखवला. काही महिन्यांनी तपासणी निघाली, आयकराचे साहेब मिल बघायला येणार असं कळलं. मी भाऊला बजावलं, "शेडमधली पोती हलवू नका. काय काय करून पाहिलं, ते जसंच्या तसं सांगा."

"वकीलसाहेब, पोरगी पाहाले पाहुणे आले त आपन खरकटे भांडे समोर ठेवतो का?"

"ही पोरगी दाखवायची नाही, भाऊ."

"तुमी रायद्या. मी बरोबर करून राहिलो."

त्याने बरोबर केलं. साहेब आले त्या दिवशी मी जाऊन बघतो तर शेडला पांढराशुभ्र चुना आणि आत झाडून एक पोतं नाही. शेजारच्या खोलीवर 'संशोधन विभाग' अशी पाटी. आत भाऊचा बी.एस्सी. नापास साळा पांढरा कोट घालून उभा, समोर काचेच्या नळ्यांत कुंकवाचं पाणी.

"पोती कुठे गेली?" मी हळूच विचारलं.

"गौरक्षणात देल्ली, गाईढोराईले. पुन्य बी झालं. शेवटच्या खेपेचा भात शिजवून पाहाले बी फुरसत नाही भेटली, चुन्याच्या गडबडीत."

माझं डोकंच फिरलं, पण साहेब दारात होते.

त्यांनी साळ्याला विचारलं, "इथे काय चालतं?"

"रिसर्च."

"कशावर?"

"तांदळावर."

साहेबांनी लाल नळी उजेडात धरली, परत ठेवली आणि थेट टाक्यांपाशी गेले. माणूस भला होता. म्हणाले, "यांत तुम्ही काहीतरी करून बघत होता ना? किती वेळा फसलं? बिघडलेला माल दाखवा."

मी मनात देवाला हात जोडले. याहून सोपा प्रश्न कोणी विचारला नसता. मी डोळ्यांनी खुणावत राहिलो, पण भाऊने छाती काढली.

"साहेब, बाबूजीच्या टायमापासूनची मिल आहे. आमच्याकडे आजपर्यंत काहीच बिघडलं नाही."

"मग हे रोजच्या धंद्याचंच सामान म्हणायचं," साहेब म्हणाले आणि निघाले.

"कसा बोललो?" भाऊने मला टाळी मागितली. मी चिडून सगळं सांगितलं, तसा तो टाकीच्या काठावर बसला.

"म्हंजे खराब केलेलाच तांदूळ पाहाचा होता त्याईले?"

"हो."

"बिगडवनं बी काम असते, हे कोनी सांगत काऊन नाही?"

मी सांगितलं होतं. पण त्याचा चेहरा बघून माझा राग उतरला, वाईटच वाटलं. आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं काम केलं, आणि तेवढंच नेमकं झाकलं.

सवलत नाकारल्याचा कागद आला. बाबूजी शब्दाला पक्के. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सह्या घ्यायला मिलवर बसलो होतो, तेव्हा गौरक्षणातला माणूस सायकल टेकवून आत आला.

"भाऊ, त्यातला एखादा पोता आखीन आहे का? बाकीचा ढोराईनं खाल्ला. पन एक पोता आमीच शिजवून खाल्ला. दाना मोकळा, अन् वासच नाही जी!"

भाऊ ताडकन उठला आणि टाक्यांकडे धावला. मीही मागे गेलो. टाक्या आदल्या दिवशीच भंगारवाल्याने नेल्या होत्या.