शिळं पाणी

आमच्या घरमालकांइतका पाण्याच्या नादी लागलेला माणूस उमरग्यात दुसरा झाला नाही, आणि माझं ऐकाल तर होऊही नये. दुष्काळानं आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात आम्ही ह्या काकांचे भाडेकरू. मी आंघोळीला बसलो की बाहेरून खाकरून विचारायचे, "कितवा तांब्या, साहेब?" डोळ्यांत साबण गेलेला माणूस काय उत्तर देणार? पाहुण्यापुढं अर्धाच पेला ठेवायचे, वर सांगायचे, "आणखी लागलं तर मागा, लाजू नका." मागायची कुणाची छाती होत नसे.

सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी अख्ख्या गल्लीचा अभ्यास मांडला होता. कोणतं घर पाणी जपंल, कोणतं सांडंल, हे ओट्यावर बसून सांगायचे. "भाषणानं कुणी सुधरत न्हाय, साहेब. घर घराकडं बघून सुधरतं. समोरची शेजारणीकडं बघती, शेजारीण आमच्या हिच्याकडं. हिनं मनावर घेतलं की गल्ली सुधरली समजा." सिद्धांत पक्का होता. फक्त काकूंना तो मान्य नव्हता.

काकू रोज सकाळी आदल्या दिवशीचं पिण्याचं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायच्या, हंडा चिंचेनं घासायच्या आणि नव्यानं भरायच्या. त्यांचं बघून गल्लीही ओतायची. टँकर गल्लीच्या हौदात पाणी टाकून जाई, ते पुढच्या टँकरपर्यंत कधी पुरत नसे.

"अगं, पाणी काय भाकर हाय का शिळं व्हायला?" काका कळवळून म्हणत.

"माझ्या घरात शिळं कुणी पिणार न्हाय," एवढं बोलून काकू हंडा तुळशीत रिता करत. सगळ्या उमरग्यात तेवढी एक तुळस टवटवीत होती. काका तिच्याकडं सवतीकडं बघावं तसं बघत.

एका उन्हाळ्यात टँकर आलाच नाही. हौदात चिखल उरला आणि आमच्या घरात माझी बायको ओली बाळंतीण. पाण्यासाठी वणवण करून मी दमून उंबऱ्यावर बसलो होतो. बाळाला आंघोळ सोडा, बाळाच्या आईला प्यायलाही घोटभरच होतं. तेवढ्यात काकू हंडा घेऊन आल्या. खाली बघत म्हणाल्या, "कालचं हाय. उकळून द्या तिला."

त्या दिवशी तुळस कोरडी राहिली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली एकही बाई शिळं पाणी ओतेना, उलट ज्याचं उरलं ते आमच्याकडं येऊ लागलं. टँकर येईपर्यंत मायलेकरं निभावली. काका आता मिरवणार म्हणून मी कान बंद करूनच बसलो होतो, पण ते ओट्यावर बसून कोरड्या तुळशीकडं बघत होते.

"जिंकलात की, काका," मी म्हटलं.

"कशाचं जिंकलो. लई जड गेलं हो तिला."

पुढं माझी बदली झाली, नळही आले. काकू गेल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो आणि मुक्काम केला. सकाळी उठून बघतो तर काकांनी भरला हंडा उचलला, कालचं सगळं पाणी तुळशीत ओतलं आणि चिंच घेऊन घासायला बसले. मी बघतोय हे त्यांना कळलं.

"तिला चालत न्हाय," ते म्हणाले.

मग मी आंघोळीला गेलो. तांब्यामागून तांब्या घेत राहिलो, पण बाहेरून कुणी खाकरलं नाही.