दोर जड लागला की

बोटीचा कप्तान त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. म्हणून कप्तान त्याला दाजी म्हणे, आणि कप्तान म्हणतो म्हणून सगळी बोट म्हणे. युद्ध सुरू झालं तशी नौदलाने मासेमारीची ती बोट खलाशांसकट ताब्यात घेतली, राखाडी रंग फासला आणि समुद्रातले सुरुंग काढायला धाडली. देखरेखीला आलेला तरुण अधिकारी बरेच दिवस ‘दाजी’ हा हुद्दा समजत होता.

दाजीची जागा तीच राहिली: बोटीच्या मागच्या टोकाला, दोर गुंडाळणाऱ्या विंचपाशी. पूर्वी दोराला जाळं असे, आता कात्र्या. त्या पाण्याखाली सुरुंगाची साखळी कापत, सुरुंग वर तरंगे, मग त्याला दुरून गोळी घालायची. पण सुरुंग कधी दोरातच अडके. त्यासाठी अधिकाऱ्याने सगळ्यांकडून एक नियम घोकून घेतला होता: दोर जड लागला तर ओढायचा नाही, सोडून द्यायचा.

नियम सोपा होता, पण दाजीचा हात बापाच्या तालमीतला. त्या घराण्यात दोर जड लागला की माणसं खूश होत. पहिल्यांदा जड लागला तेव्हा दाजीने जिभेचं टोक दातात धरून तो प्रेमाने ओढायला घेतला. मागे पाण्यातून काळा, शिंगांचा गोळा डोकावला. अधिकारी डेकवर पालथा पडला. कप्तान तेवढा म्हणाला, “दाजी, हा बाजारात खपायचा नाही. सोडा.”

दाजीने ब्रेक सोडला. उरलेला दोर सरसरत समुद्रात गेला आणि बोट जीव घेऊन पळाली.

अधिकाऱ्याच्या मते दाजीची खरी जागा चुलीपुढे होती. कप्तानाने शब्द टाकला: पुन्हा चुकला तर बहिणीचं तोंड न बघता मीच त्याला किनाऱ्यावर बसवीन. दाजी चुकला नाही. पुढे दोर कितीदा तरी जड लागला, तितक्यांदा त्याने तो निर्विकारपणे सोडला. नौदलाचा दोर सोडताना काळजाला तसं कमी लागतं.

युद्ध संपलं, राखाडी रंग खरवडला, नवं जाळं आलं. पहिल्याच फेरीला दोर जड लागला.

दाजीने विंच थांबवला. जाळं सोडावं आणि खाली मासेच निघाले, तर ती चूक ठरणार, आणि कप्तानाचा शब्द अजून जिवंत होता. ओढावं तर कोण जिवंत राहील याची खात्री नव्हती. त्याने सगळ्यांना पुढच्या टोकाला जायला सांगितलं.

“युद्ध संपलंय, दाजी,” कप्तान म्हणाला.

“ते आपल्याला कळलंय. खालच्याला कुणी सांगितलंय?”

कप्तानाने यावर विचार केला आणि सगळ्यांच्या आधी पुढचं टोक गाठलं.

दाजी एकटाच मागे उरला. थोडं ओढायचं, थांबायचं, वाकून बघायचं. अखेर पाणी पांढरं चमकलं. मासे होते, आणि जाळं फाटेल इतके होते. त्याने हाक मारली. खलाशी धावत आले, कप्तान जरा सावकाश आला. आल्यावर म्हणाला, हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं.

विंच शेवटपर्यंत दाजीकडेच राहिला. जड दोराला सगळ्यांनी पुढे जायची रीतही राहिली, आणि कप्तानाने ती एकदाही मोडली नाही.