बाईंचा बिनतोंडाचा किडा

आमच्या क्लासच्या बाईंसमोर नाक दाबायची सोय नव्हती. नवघरमधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात ओहोटीला खाडीच्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास भरायचा. आम्ही रुमाल काढले की मूळच्या परभणीच्या असलेल्या बाई म्हणायच्या, "ठेवा ते खिशात. हा वास म्हणजे कुणाचा तरी शिधा आहे."

कुणाचा, ते त्यांनी पोर्शनमध्ये नसतानाही शिकवलं. खोल समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड पोचतच नाही, तिथे भेगांतून गरम पाणी उसळतं. त्यात ह्याच वासाचा वायू असतो. तिथले जीवाणू त्याचा प्राणवायूशी संयोग घडवतात आणि त्या ऊर्जेवर पाण्यातल्या कार्बनचं अन्न करतात.

"म्हणजे सूर्य नसला तरी चालतं?" मी विचारलं.

"एवढी घाई नको. तो प्राणवायू वरच्या उन्हातल्या शेवाळानंच सोडलेला असतो."

त्यांचा लाडका प्राणी म्हणजे तिथला नळीत राहणारा लांब किडा. त्याला ना तोंड, ना पोट. जीवाणू त्याच्या अंगातच बिऱ्हाड करतात. हा लाल तुऱ्याने त्यांना वायू पुरवतो, ते ह्याला पोसतात. बाई त्याचं कौतुक जावयासारखं करायच्या.

मी कॉलेजात असताना बाईंच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं. तोंडाने पाणीही बंद, पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न. पुन्हा गिळता येईल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. मी घरी भेटायला गेले आणि मला रडूच आलं. "रडायलीस कशाला?" बाई म्हणाल्या. "मी तो किडा झाले, एवढंच. तो मजेत असतो."

आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे सगळं माहीत असून मुलांच्या आया डबे आणतच राहिल्या. माझी आई तर बोंबलाचं कालवण घेऊन गेली आणि दारातच ओशाळली. बाईंनी झाकण उघडायला लावलं, मनसोक्त वास घेतला. "चिंच जास्त झाली," म्हणाल्या. आईला फार बरं वाटलं.

शेवटी एकदाची गिळण्याची तपासणी चांगली आली. मी गेले होते तेव्हाच त्यांचे यजमान, आमचे काका, त्यांना भरवायला मऊ भात घेऊन बसले. पहिला घास घशाखाली उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसरा घास बाईंनी हाताने थांबवला.

"आधी तुमचं ताट आणा," त्या काकांना म्हणाल्या. "इतके दिवस आत उभ्यानं जेवत होतात. मला काय कळत नव्हतं?"

काका ताट घेऊन शेजारी बसले. घास तोंडाशी नेताना त्यांना रडू कोसळलं. बाई मात्र जेवत होत्या.