मेंढीच्या जबड्याखालची गाठ

झिरकपूरच्या घरी लेकीच्या खरचटलेल्या गुडघ्याला आयोडीन लावलं आणि त्या वासानं मला चंदीगडमध्ये पशुवैद्य म्हणून केलेली माझी पहिली शस्त्रक्रिया आठवली.

एक म्हाताऱ्या पंजाबी आजी, ज्यांना सगळे बीजी म्हणायचे, लाडकी मेंढी घेऊन आल्या होत्या. तिच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. "कॅन्सर है, डॉक्टर जी?" त्यांचा आवाज कापत होता.

मी गाठीत सुई घातली. सिरिंजमध्ये घट्ट, पिवळा पू आला.

"बीजी, फोडा है, बस!" मी आनंदानं ओरडलेच. साधं गळू निघालं होतं.

जागा बधिर करून चीर दिली, पू काढला, जखम आयोडीननं धुतली. सुटताच मेंढीनं टेबलावरचा माझा केसपेपर खाल्ला. बीजी खळखळून हसल्या.

पुन्हा लिहावा लागला म्हणून तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, ती बरी होणार हे तिनं तो कागद खाऊनच सांगितलं; त्याहून चांगलं मला लिहिताच आलं नसतं.