ओढ्यापलीकडची घरं

जर्मनीतल्या एका खेड्याचा भूगोल मला माझ्या माहेरच्या गल्लीसारखा पाठ आहे. तिथे मी कधी गेलेले नाही आणि आता मेले तरी जाणार नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही मिल्टन कीन्सच्या बाहेर राहायला आलो. शहराचे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, संपले की जुनी खेडी लागतात, त्यातलं एक. आमचे हे हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे, मुलगी शाळेत जायची, आणि मी, पुण्यात भूगोल शिकवून शिकवून घसा बसवलेली बाई, घरात बसून इंग्लंडचा पाऊस बघायची. गावाच्या पाटीवर नावाखाली लिहिलेलं होतं की हे गाव जर्मनीतल्या अमुक गावाचं जुळं आहे. ट्विनिंग म्हणतात त्याला. एका वर्षी इथली माणसं कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, करून तिकडे जायची, पुढच्या वर्षी तिकडची इकडे यायची, आणि आठवडाभर घरोघरी पाहुणे वाटले जायचे.

त्या वाटपात आमचं घर दोनदा वगळलं. पहिल्यांदा कमिटीची सेक्रेटरीबाई म्हणाली, “वुई डिडन्ट वॉन्ट टु बर्डन यू.” दुसऱ्यांदा म्हणाली, तुमच्या जेवणाचं काय ना, त्यांना झेपेल की नाही. अगं बाई, मी त्यांना काय ठेचा भरवणार होते? बटाट्याची भाजी आणि घडीची पोळी खाऊन आजवर एकही जर्मन मेल्याचं ऐकिवात नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणाले, “जाऊ दे गं, आपल्याला कुठे हौस आहे?” मला होती हौस! तेच तर दुखणं होतं.

तिसऱ्या खेपेला फोन आला. “वुई हॅव वन स्पेअर,” सेक्रेटरीबाई म्हणाली. एक उरलीय, घ्याल का? स्पेअर म्हणे! माणूस आहे की गाडीचं चाक? तरी मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, हॉलमध्ये जुळ्या गावाचं प्रदर्शन करायचंय, तुम्ही जिऑग्राफी टीचर होतात ना, त्या ऐतिहासिक गावाचं एखादं मॉडेल कराल का? गरज पडली तेव्हा बरोबर आठवलं यांना मी कोण होते ते. आणि मी मूर्ख, त्याच संध्याकाळी लायब्ररीत जाऊन ॲटलास घेऊन बसले.

गाव मोठं सुंदर, हे मात्र कबूल करायला हवं. चारी बाजूंनी उंचवटे, मध्ये बशीसारख्या खोलगट जागेत घरं. उत्तरेला बीच नावाच्या झाडांनी भरलेला डोंगर, दक्षिणेला बीटाची शेतं. चर्च चढावर, कारण खाली ओढ्याला पूर यायचा. डोंगरात तांबडा वालुकाश्म, त्याच्याच पातळ लाद्या घरांच्या छपरांवर, कौलांच्या जागी. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात अर्धं गाव जळालं, मग लाकडी चौकटीत माती भरून पुन्हा उभं राहिलं. हे सगळं तिकडून आलेल्या माहितीपत्रात होतं. त्यात नकाशाही होता, ओढ्यापर्यंतचा.

दिवाळीत पुण्यात आम्ही किल्ला करायचो, तसंच मी ते गाव केलं. गॅरेजमध्ये जुनं दार आडवं टाकलं, त्यावर विटा, विटांवर तांदळाचं रिकामं पोतं, पोत्यावर चिखल. इथल्या बागेची माती चिकट, बूट सोडत नाही अशी. किल्ल्याला एक नंबर. डोंगरावर अळीव पेरलं. इथली पोरं शाळेत ओल्या कापसावर पेरतात ते अळीवच, फक्त नाव वेगळं. किल्ल्याचा एक नियम असतो, तो कुणी सांगत नाही पण सगळ्यांना माहीत असतो. त्यावर सगळे काळ एकत्र नांदतात. मावळ्याच्या शेजारी एसटी उभी असते आणि तळ्यात प्लास्टिकचं बदक असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मीही तसंच केलं. जुनं चर्च ठेवलं, शेतात मुलीच्या खेळण्यातला ट्रॅक्टर ठेवला, जळालेल्या घरांच्या जागी काळ्या झालेल्या काड्या रोवल्या.

कोच आली, आणि आमच्या वाटची पाहुणी उतरली. साठी उलटलेली, किडकिडीत, विधवा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या छावणीत लाँड्रीत काम केल्यामुळे तिला इंग्लिश बऱ्यापैकी यायचं. पहिल्याच रात्री तिने पिठलं-भात दोनदा मागून घेतला. सेक्रेटरीबाईला तिथे आणून उभी करावी असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला गॅरेजमध्ये नेलं. ती दाराभोवती हळूहळू फिरली. चर्चला हात लावला, वळणावरच्या खाटकाच्या दुकानाशी हसली. मग ओढ्यापाशी येऊन थांबली.

“याच्यापुढे?”

“नकाशा इथेच संपतो,” मी म्हटलं.

“हो. सगळ्यांचाच तिथे संपतो.”

मग चहा घेताना तिने सांगितलं. तिचा मुलूख पूर्वेकडचा, युद्धानंतर पोलंडकडे गेला. तिथल्या जर्मन लोकांना हाकलून दिलं. ती आणि तिची आई मालगाडीतून एक बोचकं घेऊन या गावात उतरल्या. सरकारने एका शेतकऱ्याच्या घरात जबरदस्तीने त्यांना माळ्यावरची खोली मिळवून दिली. शेतकऱ्याची बायको स्वयंपाकघराला कुलूप घालायची. भाषा तीच, देव तोच, तरी. पुढे अशा लोकांसाठी ओढ्यापलीकडच्या कुरणावर घरं बांधली. गावाने ते कुरण एवढ्या खुशीने का दिलं, ते भूगोलवालीला सांगावं लागत नाही. पाणथळ जागा. ओढ्याला पाणी आलं की तळघरात पाणी. तिच्या नवऱ्याने तिथेच घर केलं आणि तिथूनच तो गेला. चाळीस वर्षं झाली, तरी गावात तिला ‘पलीकडची’ म्हणतात.

“दरवर्षी गावाचं कॅलेंडर निघतं,” ती म्हणाली. “चर्चच्या मनोऱ्यावरून फोटो काढतात. कॅमेरा नेहमी ओढ्यापाशी थांबतो. तुम्ही माझं घर घालाल का? मला एकदा गावाच्या चित्रात माझं घर बघायचंय.”

न घालायला काय झालं? दार लांब होतं, टोकाला जागा रिकामीच होती. मी चिखल कालवला, आणि तिने माझी मळलेली कणीक घेऊन घरं केली, ओव्हनमध्ये सुकवली, मुलीच्या रंगांनी रंगवली. प्रत्येक घर ठेवताना कोण राहतं ते सांगायची. हा गवंडी, ही नर्स, हिचा मुलगा गेला. स्वतःच्या घराला हिरवं दार काढलं आणि मागे दोन काड्यांना दोरा बांधून कपडे वाळत घालायची दोरी केली. फोटो काढून शेजारणींना नेणार होती. त्या संध्याकाळी बाई जी बोलत सुटली, की ह्यांनी मला हळूच विचारलं, “चहात काय घातलंस?”

प्रदर्शनाच्या सकाळी चौघांनी उचलून ते दार हॉलमध्ये नेलं. कमिटीचा चेअरमन आला, निवृत्त गृहस्थ, वागायला अगदी लोणी. “मार्व्हलस! ॲब्सोल्यूटली मार्व्हलस!” त्याच्याबरोबर तिकडचा मेयर होता. मेयरने टोकाकडे बघितलं, चेअरमनच्या कानाला लागला. चेअरमन माझ्याकडे आला. म्हणाला, कल्पना ऐतिहासिक गावाची होती ना, ही घरं म्हणजे अगदीच अलीकडची.

मी म्हटलं, “मग तो ट्रॅक्टर? तो काय तीस वर्षांच्या युद्धात नांगरत होता?”

तो हसला. “लेट्स नॉट मेक इट पोलिटिकल.”

घ्या! चाळीस वर्षं राहिलेल्या बाईचं घर पोलिटिकल, आणि ट्रॅक्टर ऐतिहासिक! मी ठणकावून सांगितलं, एक घर हलणार नाही. तो म्हणाला, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स. मला वाटलं, मी जिंकले. बटाटेवडे तळायला घरी गेले.

दुपारी पाहुणीला घेऊन परत आले. तिने इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला होता, गळ्यात कॅमेरा. हॉल भरला होता. आणि मॉडेलच्या टोकावर, ओढ्यापासून पुढे, फुलाफुलांचा टेबलक्लॉथ घातला होता. वर ट्रे, ट्रेमध्ये चहाच्या कपबशा. एक घर हलवलं नव्हतं, दिलेला शब्द पाळला होता! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मला वाटत होतं आपल्याकडचीच आहे.

ती कॅमेरा हातात धरून उभी राहिली. मेयर आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली. “या, या,” म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, तुम्हाला कळतं ना, ही घरं अजून इतिहासात बसत नाहीत. मी म्हटलं, हो, कळतं.”

माझं डोकंच फिरलं. मी ट्रे उचलून खाली ठेवला, टेबलक्लॉथ धरून ओढला. एक कप घरंगळून फुटला. खाली घरं चिखलात दबून गेली होती, वाळत घालायची दोरी टेबलक्लॉथला चिकटून वर आली. मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, “यू वॉन्ट हिस्टरी? शी इज स्टँडिंग हिअर! विचारा की तिला!” अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी, काय बोलले देव जाणे. बटाटेवड्याचा घास तोंडात धरून सेक्रेटरीबाई माझ्याकडे बघत राहिली.

मग पाहुणीने माझ्या हातातला टेबलक्लॉथ घेतला. चिकटलेला दोरा काढून खिशात टाकला. टेबलक्लॉथ झटकला, पुन्हा त्या घरांवर घातला, तळहाताने सुरकुत्या साफ केल्या आणि कपबशा एकेक करून मांडल्या, सगळ्या कपांचे कान एका बाजूला. हॉलमध्ये सुटकेचा श्वास ऐकू आला. मेयरच्या बायकोने तिला बसायला खुर्ची आणून दिली.

गाडीत मी तिच्यावर चिडले. “अहो, मी तुमच्यासाठी भांडत होते! आणि तुम्हीच झाकलंत?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “तुम्ही भांडलात आणि घरी चाललात,” ती म्हणाली. “मला परवा त्यांच्याच बसमधून जायचंय. उतरल्यावरही तीच माणसं आहेत. दुकानात तीच, चर्चमध्ये तीच, मेल्यावर खांदा द्यायलाही तीच.”

मी गिअर बदलला.

कोच निघाली त्या सकाळी मी तिला सोडायला गेले. येताना ती सगळ्यात मागे एकटी बसून आली होती. आता मेयरच्या बायकोने पुढच्या सीटवरची आपली पर्स उचलली आणि तिला शेजारी घेतलं. ती हसत होती. तिने मला हात केला, मीही केला, आणि मनातल्या मनात त्या अख्ख्या कोचला शिव्या घातल्या. ती माणसं दुष्ट असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात चेअरमन व्हॅन घेऊन दारात हजर. म्हणाला, मॉडेल इतकं आवडलं सगळ्यांना, वार्निश मारून कायमचं हॉलमध्ये ठेवणार आहोत, खिडकीखाली. फक्त जरा लांब होतं. मग त्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि ओढ्यापलीकडचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. करवतीने अगदी सरळ कापलेला, कडेला सँडपेपर मारलेला, माझ्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. चिखलाला भेगा पडल्या होत्या, हिरव्या दाराचं घर अर्धं रुतलेलं होतं.

“धिस बिट इज युअर्स,” तो प्रेमाने म्हणाला.

समोरच्या बाई बागेतून बघत होत्या. माझी मुलगी त्यांच्याच मुलीबरोबर शाळेच्या बसला उभी राहायची. ह्यांचं हॉस्पिटल, घराचा हप्ता, सगळं इथेच होतं. मला तो तुकडा त्याच्या डोक्यात घालायचा होता. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ सांगते, “थँक यू सो मच” निघालं.